मूठ वर गेली की थांबायचं

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सातशे ऐंशी शर्ट. प्रत्येकाची बटणं ओढून बघायची. तुटलं तर बाजूला, नाही तर पुढे. बंगळुरूजवळच्या आनेकलच्या या कारखान्यात मी 'क्वालिटी' आहे! निपाणीत असतो तर आत्ता तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी वाजवत असतो. आप्पांचा ब्रास बँड, मी क्लॅरिनेटला. ते सोडून आलो म्हणून आप्पा पाच महिने माझ्याशी बोलत नाहीत. फोन आईचाच येतो. मागून आवाज — "विचार त्याला, जेवला काय." मी म्हणतो, जेवलो. आई त्यांना सांगते, जेवला. दोघं एकाच कॉटवर बसलेली असतात!

९ नोव्हेंबर, रविवार

दोन बस बदलून महादेवपुरा. प्रॅक्टिस. यशोवर्धनची गिटार, मुग्धाचा आवाज आणि मी. दोघं पुण्याचे, आयटीतले. फ्लॅटमध्ये वाजवलं की शेजारी भिंत ठोकतो, म्हणून खाली पार्किंगमध्ये वाजवतो.

आज परत तेच. ते दोघं थांबले, मी चालूच! यशोवर्धन वैतागला. "अरे, शेवटची ओळ आठ वेळा म्हणजे आठ वेळा. मोजत नाहीस का तू?"

नाही मोजत! आमच्यात कोण मोजतं? नवरदेव घोड्यावरून कधी उतरणार, त्याचा मामा अजून किती नाचणार, हे कुणाला ठाऊक? आप्पांची मूठ वर जाईपर्यंत वाजवायचं. मूठ गेली की ओळ पुरी करून गप्प. सहावीपासून हेच करत आलोय. मुग्धा हसून हसून स्कूटरवर बसली. म्हणाली, "बरं बाबा, मी करीन मूठ वर. शपथ!"

१२ नोव्हेंबर, बुधवार

कार्यक्रम ठरला!! २३ तारीख, रविवार, संध्याकाळी पाच, इथल्या, बंगळुरूच्या शिवाजीनगरातला एक कॅफे. वीस मिनिटं. आवडलं तर दर महिन्याला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आणि २३ ला कारखाना चालू! परदेशी जाणारा माल आहे म्हणे. सुपरवायझर प्रदीपकुमार सर रजा देईनात. तोंडातून निघून गेलं — सर, लग्न आहे.

"मदुवे? यारदु?"

कुणाचं, कुणाचं... "मामेबहिणीचं!"

"सरी, सरी. येताना लाडू आण स्वल्प."

मामाला तीन मुलगेच आहेत. पण ते सरांना कशाला सांगा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईला कार्यक्रमाचं सांगितलं. तिने कॅफेचा पत्ता तीनदा विचारला. स्टँडपासून किती, डावीकडे का उजवीकडे. बाईला बंगळुरू म्हणजे निपाणीचा बाजार वाटतो!

मागे कॉट करकरली. मग — "विचार त्याला, चालत वाजवतात काय."

म्हटलं, नाही, बसून.

"बसून? मग बँड कसला त्यो!"

राग आला. खरं लिहायचं तर रडू आलं. आप्पांनी एकदा ऐकावं, एवढंच हवंय मला. पण २३ ला तिकडे पाटलांचं लग्न, आणि आप्पांनी आजवर एक सुपारी चुकवलेली नाही. कावीळ झाली होती तेव्हा रिक्षात बसून वरातीबरोबर गेले आणि रिक्षातून मूठ बाहेर काढली! असल्या माणसाला काय सांगणार? जाऊ दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चांगली दोन बटणं माझ्याच हातून तुटली. उद्या!

२३ नोव्हेंबर, रविवार

कुठून सुरू करू?

तीस-चाळीस माणसं होती. पहिली तीन गाणी नीट झाली. शेवटच्याला मुग्धाच्या एका हातात माइक, दुसऱ्यात खंजिरी. शपथ विसरली! दोघं बरोबर आठव्याला थांबले. मी नववी सुरू केली होती.

कळत होतं. पण थांबवल्याशिवाय थांबायचं कसं? बोटं ऐकेनात. कुणीतरी हसलं. मग मी डोळे मिटले आणि सरळ घरची, वरातीची चाल धरली. एकटाच. हळूहळू हसणं थांबलं, चमचे थांबले. किती वेळ गेला, देवाला ठाऊक. डोळे उघडले, तर पार मागे दाराजवळ कुणीतरी बिल मागायला हात वर केलेला. दिवे तोंडावर, हातच तेवढा दिसला. सवयीने ओळ पुरी केली आणि थांबलो.

टाळ्या!! कॅफेवाली रम्या म्हणाली, दर महिन्याला या, आणि तो शेवट तसाच ठेवा. यशोवर्धन कानात म्हणाला, "आपण मुद्दाम केलं असं सांगायचं हं!"

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांना शिवाजीनगरचे लाडू दिले. दोन खाल्ले. "बँड कसा होता?" म्हणाले. चांगला होता सर, म्हटलं.

आत्ता आईचा फोन. "पोचले रे हे सकाळी. दिवसभर झोपूनच होते."

कोण पोचले? कुठून?

"पाटलांचं लग्न बँडातल्या हरीने सांभाळलं," आई सांगत होती, आणि तिच्या हातून फोन गेला.

"मूठ धरून धरून हात भरून आला माझा. डोळं मिटून वाजवतोस व्हय रं?"

होय आप्पा, म्हटलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "जेवलास काय?"