दुर्बिणीचं ऑपरेशन

आये, तुझं पोट मी पाहिलं नव्हतं. कर्त्या वयाच्या मुलाने आईचं पोट कसं पाहायचं, आणि तूही पदर हलू दिला नसतास. मी पाहिला तो कागद. पित्ताशय काढल्यावर तुला अलिबागहून घरी आणायला मी नवी मुंबईहून आलो. तोवर तुझ्याजवळ शेजारची काकू होती. नर्सने फाइल दिली. रिक्षा रेवदंड्याला पोचेपर्यंत मी फक्त पहिली ओळ वाचली: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. झालं, मला सगळं कळलं. कळणारच. परदेशातल्या ऑपरेशनचे अहवाल वाचायचे, डॉक्टर आत कसे शिरले, पोट उघडून की बारीक भोकातून दुर्बीण घालून, ते बघून विम्याच्या बिलासाठी नेमका कोड द्यायचा, याचाच तर मला पगार मिळतो.

तू ओट्यावर बसली आहेस, हात कुशीवर. "मोठं कापलंय रं. आतून ओढ लागते," म्हणतेस. मी लॅपटॉपवरून मानही उचलत नाही. "तीन-चार भोकं असतात आये, बोटाएवढी. आठवड्यात लोक कामाला लागतात. मी रोज हेच वाचतो ना?" तू म्हणतेस, "व्हय बाबा, तू शिकलेला." तो टोमणा होता की विश्वास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दहाव्या दिवशी तू अंगणातली सुक्या बोंबलांची पाटी उचललीस आणि टाके उसवले. जखम चिघळली. पंधरा दिवसांत तू गेलीस.

फाइल मी त्यानंतर पूर्ण वाचली. सातव्या ओळीत होतं: रक्त थांबेना म्हणून दुर्बीण काढून पोट उघडलं. शेवटी होतं: तीन महिने वजन उचलू नये. डॉक्टरांनी सगळं लिहिलं होतं, शीर्षक तेवढं आधीच्या बेताचं राहिलं होतं. आमच्या कामातला पहिला धडाच हा: शीर्षकावर जाऊ नका. सुरुवात दुर्बिणीने झाली, पण पुढे पोट उघडून पित्ताशय काढलं, तर कोड उघड्या शस्त्रक्रियेचा.

मला तुझाही राग येतो. लहानपणी मी वरवर बघून कोलंबी आणली तेव्हा केवढी ओरडली होतीस. "वरचा थर काय बगतो? खाली हात घाल की!" लोकांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालणारी तू, माझं बोलणं तेवढं वरच्या वर घेतलंस. एकदा पदर बाजूला करून म्हणायचं होतंस, हे बग मेल्या.

आता नवीन लोकांना मीच शिकवतो, आणि दर वेळी हेच उदाहरण देतो. "एक कोडर होता, शीर्षक वाचून मोकळा झाला." सगळे हसतात, मीही हसतो. हे पत्र तुझ्या फाइलीत, शेवटच्या पानामागे ठेवीन. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "सर, मग त्या पेशंटचं काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही. कोड दुरुस्त केला."