पट्टा नको, आबा

लोणावळा
१६ एप्रिल २०२५, बुधवार

रतन,

बरी असशील. भामामावशींचा गुडघा कसा आहे? तुझ्या आईने त्यांच्यासाठी माझ्याकडे तेल दिलं होतं, ते पोचवायचं राहिलंच.

तुंगार्लीला तू काम करतेस त्या बंगल्यावर दोनदा येऊन गेले. वॉचमन म्हणाला, "रतनताई न्हाईत." तुझ्या चपला पायरीवर होत्या. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

काल वाडीवरच्या डोंगरातली मोजणी संपली. आपण लावलेल्या सातशे रोपांपैकी अठ्ठ्याऐंशी जिवंत आहेत. ऐनाच्या मोठ्या झाडांची साल वणव्यात खालून करपली आहे, तरी नऊ झाडांना पालवी फुटली. तू टेपचं दुसरं टोक धरायचीस आणि मावशी मागून म्हणायच्या, "झाडाची कंबर मापती ही. लगीन जमवायचं हाय का त्याचं?" काल टेपचं दुसरं टोक मी दगडाखाली दाबलं.

हे तुला ऐकायचं नसेल. मी मुद्द्याभोवती फिरते आहे.

तुला माहीत आहे ते एवढंच : ९ मार्चला, रविवारी दुपारी, रस्त्याच्या बाजूने वणवा चढला. तो वाडीपर्यंत पोचायच्या आत तुझ्या आबांनी त्याच्या वाटेतलं गवत स्वतःच पेटवलं, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरू नये. वाडी वाचली. पण कुणा पर्यटकाच्या मोबाइलमध्ये नुसते काडी ओढणारे आबा आले, आणि वणवा लावल्याचा गुन्हा त्यांच्यावर नोंदला गेला.

तुला माहीत नाही ते पुढे आहे.

११ डिसेंबरला सकाळी आबा माझ्याकडे आले होते. गवतावर दव होतं. तुमची वाडी दरवर्षी मार्गशीर्षात, गवत अर्धं ओलं असताना, उताराच्या कडेने दहा हात रुंद पट्टा जाळते. चार माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग दाबत बरोबर चालतात. उन्हाळ्यात वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्याशी थांबतो. आबांना तेच करायचं होतं.

मी नाही म्हटलं. आपलं जंगल हवेतला किती कार्बन धरून ठेवतं, हे आमच्या प्रकल्पाला दाखवायचं होतं. पट्ट्याची आग उपग्रहाच्या चित्रात दिसली असती आणि माझ्या पहिल्याच वर्षाच्या आकड्यातून वजा झाली असती.

"यंदा पट्टा नको, आबा. गवत कापून घेऊ."

"कापनार कोन, म्याडम? येवढा डोंगर हाय. वाळल्यावर ते कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई."

"मी माणसं आणते."

"बरं. तुमी शिकलेल्या."

तो टोमणा नव्हता. त्यांनी खरंच मानलं होतं. माणसं मी आणली नाहीत. ऑफिसला एक मेल केला, जानेवारीत आठवण केली, मग अहवालात अडकले. त्या दिवशीच्या वहीत, आबांच्या नावासकट, माझ्याच अक्षरात आहे : 'पट्टा जाळण्याची गेणू यांची सूचना. नाकारली.'

मध्ये उठून गॅलरीत जाऊन आले. दोन ओळी खोडल्या आहेत. त्यात माझ्या बाजूचं होतं.

१२ मार्चला चौकशीत मला विचारलं, "गेणूंनी आधी कधी गवत जाळायची गोष्ट काढली होती का?" मी म्हणाले, "हो, डिसेंबरमध्ये." पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लिहून घेतलेल्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यावरून आबांच्या मनात डिसेंबरपासून आग लावायचं होतं असा अर्थ निघतो, हे मला सही करताना कळलं होतं. नंतर नाही, सही करतानाच.

आज मी नवा जबाब दिला आहे. वहीच्या पानाची प्रत जोडली आहे. पट्टा का जाळतात, मी का अडवला, माणसं का आली नाहीत, सगळं त्यात आहे. दुपारी आमच्या संचालकांचा फोन आला. म्हणाले, "प्रकल्प अडचणीत येईल. तेवढं एक वाक्य काढून घे." कोणतं, ते मी विचारलं नाही. काढलंही नाही. नोकरी बहुधा जाईल, पण ते तू माझ्या खात्यावर चांगलं म्हणून धरू नकोस.

सोमवारी आबांची सुनावणी आहे. साडेदहाला मी तिथे असेन. हे पत्र वकिलांना दिलंस तरी चालेल, त्यासाठीच तारीख आणि सही नीट केली आहे. पण त्याआधी ते आबांना वाचून दाखव. चार लोकांसमोर, माझ्या तोंडून, त्यांना हे पहिल्यांदा कळू नये. ते काय म्हणाले ते मला कळवायची गरज नाही.

डिसेंबरात नाही म्हणालेली आणि मार्चमध्ये ते लपवणारी,
यशोधरा