इनेसच्या हातचं

प्रताप नगर, नागपूर
फेब्रुवारी १९८२

प्रिय केशव,

बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पत्र उभ्या उभ्या चाळून तेवढं एक वाक्य शोधशील आणि बाकीचं तसंच राहील. या वेळी बाकीचंही वाच. नाहीही म्हटलेलं नाही त्यांनी. इनेसचा फोटो चष्म्याच्या डबीखाली ठेवला आहे, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा तो त्यांना दिसतो. बोलत मात्र नाहीत. बाबांच्या होकाराशिवाय लग्नाची तारीख धरणार नाही असं तू लिहिलंस, ते त्यांना आवडलं असावं. मला त्यानेच धास्ती वाटते. सगळं एका शब्दावर अडलं आहे, आणि तो शब्द काढून घेण्याचं काम या घरात माझ्याकडे आलं आहे.

तुझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या त्या गृहस्थांनी इनेसची पुडी आणून दिली. तिने स्वतः मिरच्या वाळवून कुटल्या हे तू लिहिलं नसतंस तरी कळलं असतं; दुकानचा मसाला इतका ओबडधोबड नसतो. आईने तळहातावर घेऊन बोटाने एकेक वेगळं केलं. काळपट लाल मिरची, लसणाचे वाळके कण, कांदा. आपण हिरवा चिरून घालतो तो सांबार, पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात, पण वाळवलेला. आणि ओव्यासारख्या वासाचा कसला तरी पाला. तू कृती लिहून दिली होतीस: टमाटर कच्चे बारीक चिरायचे, लिंबू पिळायचं, मिश्रण घालायचं आणि झाकून ठेवायचं. बस. आईचा विश्वास बसेना. मी टमाटर चिरत होते तोवर तिने कढईत तेल तापवलं आणि अर्धी पुडी फोडणीत टाकली. वाळका लसूण क्षणात काळा पडला. असा ठसका उठला की अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला आलेली बाई पदर तोंडाला लावून पळाली. मी ओरडले तर आई खोकता खोकता मलाच म्हणते, “काहून वं शामले, कच्चा मसाला का कोणी खाते? तुह्या भावाले शिकवलंच नाही कोणं काही!” 

शेजारचे मनोहरराव नाकाला रुमाल लावून दारात. “काय वहिनी, कोणाले हाकलून राहिल्या?” आई म्हणाली, “सुनेले घरात घेऊन राहिली, भाऊजी.” बाबा आतून ऐकत होते. ‘सून’ हा शब्द त्या दिवशी घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तोही धुरात.

उरलेल्या पुडीचं मी तुझ्या कृतीप्रमाणे केलं. झाकण काढलं तेव्हा वाळके कण फुगून मऊ झाले होते, टमाटरने पाणी सोडलं होतं आणि वास अगदी वेगळाच झाला होता, कच्चा आणि तरीही मुरलेला. मी वाटी बाबांसमोर ठेवली. मनोहरराव बसलेच होते, त्यांच्याही पुढे केली. ते म्हणाले, “आत्ताच जेवण झालं, पोरी.” तुला ठाऊक आहे त्यांचं. आपण इथे राहायला आलो तेव्हापासून आपल्या घरी आले की त्यांचं सगळं आत्ताच झालेलं असतं, पाणीसुद्धा. माणूस वाईट नाही. आईच्या ऑपरेशनला रक्त त्यांनीच दिलं होतं. एरवी बाबा हसून विषय बदलतात. त्या दिवशी हसले नाहीत. मनोहरराव जाईपर्यंत वाटीला हातही लावला नाही.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, “हे कोणाच्या हातचं?” मी म्हटलं, इनेसच्या. “टमाटर कोणं चिरले?” मी. “मंग अर्धंच तिच्या हातचं.” आई चिडली. “बसा हिशेब करत. पोरगं तिकडे म्हातारं होईन.” बाबांनी भाकरी मोडली आणि खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत, पुन्हा वाढून घेतलं. वाटी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली. आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात याहून स्पष्ट होकार असू शकत नाही असं आम्हा दोघींनाही वाटलं.

बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, “मी खाल्लं. आता तिचे मायबाप आपलं खातेत का, ते पाहू.”

आई म्हणाली, अमेरिकेत असलं काही नसते म्हणतात. “माणसंच राह्यतेत ना तिथं?” बाबा म्हणाले. मग त्यांनी एक सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. तूही ऐकलं नसशील. खाप्याला त्यांच्या शाळेतल्या जिवलग मित्राचं लग्न होतं. बाबा वरातीत नाचले. पंगत बसली तेव्हा मित्राच्या वडिलांनी त्यांचं पान मांडवाबाहेर, बैल बांधले होते तिथे मांडलं. नवरदेव नुसता पाहत राहिला. आईने विचारलं, मग जेवले का तुम्ही? “भूक लागली होती,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “पोरगी तर खाईनच. दोस्तही रोज माह्या डब्यातलं खाये. पण मांडव त्याच्या बापाचा होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खलबत्त्याचा आवाज आला. बाबा, ज्यांना घरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही, जवस कुटत बसले होते. आईने भाजून दिलं तेवढंच. मिरची, लसूण, मीठ त्यांनी स्वतः घातलं. आईने हात पुढे केला तर म्हणाले, “हे पूर्ण माह्या हातचं पायजे.” मीठ जास्त झालं आहे. कोणी सांगितलं नाही. चटणीचा डबा बाबा स्वतः त्या गृहस्थांकडे पोचवून आले. इनेसच्या आईवडिलांच्या पुढे ठेवायचा आणि ते काय करतात ते तू लिहायचं, एवढाच निरोप. तू लिहिशील त्यावर ते उत्तर देणार आहेत. तू लिहिशील ते खरंच असणार, असं धरून चालले आहेत.

गृहस्थ महिनाअखेरीस परततील. त्यांच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून आज घाईने लिहिते आहे. बाबांना ते माहीत नाही. आपण कोण आहोत, छप्पन सालच्या ऑक्टोबरात ते तुला खांद्यावर घेऊन कशासाठी त्या गर्दीत उभे होते, हे तू त्या लोकांना सांगितलंच असशील असं बाबांना वाटतं. मला तसं वाटत नाही, केशव. ‘इथे असलं कोणी विचारत नाही’ हे वाक्य तुझ्या पत्रांत फार वेळा येतं. पुण्याचा तुझा मित्र आला होता तेव्हा त्याला तू स्टेशनवरच भेटून परत पाठवलंस, आणि बाबा दिवसभर इस्त्रीचा सदरा घालून घरी बसले होते. मी तुला दोष देत नाही. परक्या माणसासमोर हे तोंडातून निघायला किती वेळ लागतो ते मलाही ठाऊक आहे. पण न सांगता डबा ठेवलास तर ते खातील, कौतुक करतील, तू तसं लिहिशील आणि बाबा हो म्हणतील. तसलं हो त्यांच्याकडून घेऊ नकोस. निदान इनेसला सांग, आणि ती आपल्या आईवडिलांना सांगेल तेव्हा तिच्या शेजारी उभा राहा. मग डबा उघड.

वाट पाहणारी,
तुझीच,
शामलाताई