होडीवरची पांढरी साडी

प्रिय हिरामण,

फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून कागद घेतला. शिव्या दे, पण फाडायच्या आधी वाच.

मी अजून बुवापाड्यातच. रोज काळा कुर्ता, काळी सलवार. आई म्हणते, तुझी रोजच संक्रांत का गं? तिला काय सांगू! पाण्यावरून परतणारा उजेड मोजून शेवाळ किती वाढलंय ते ओळखायचं, हे माझं काम. मोजणाऱ्याच्या कपड्यांचा उजेडही पाण्यात पडतो, म्हणून होडीवर काळेच कपडे, हा पहिला नियम. तू हसायचास, खाडीला तुझी बडबड चालते नि ओढणी चालत नाही होय!

आणि बुद्धपौर्णिमेला मी काय केलं? विहारातली वंदना आटोपून धावतपळत थेट तुझ्या होडीवर आले, त्याच पांढऱ्याशुभ्र साडीत. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय! खाडीच्या तोंडाशी पाणी डोळ्यांना हिरवंगार दिसत होतं आणि यंत्र सांगत होतं, शेवाळ नाहीच. मी तेच ऑफिसात पाठवलं, म्हणून इशारा कुणाला गेलाच नाही. आठवड्यात किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. ऑफिसात विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, होडीवर पांढरी ताडपत्री ताणली होती, तिचाच उजेड पडला असेल. खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. तुझ्या होडीला ऑफिसचं काम बंद झालं. तुला बोलावलं तेव्हा तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास. चारचौघांत माझं नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं रे.

त्या पौर्णिमेला होडीवर तू काढलेला माझा फोटो पप्पांनी फ्रेम करून दारासमोर लावलाय. आनंदनगरच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. येईल त्याला दाखवतात, आमची अस्मिता, समुद्र मोजते! हातात यंत्र, अंगावर पांढरी साडी, आणि मागे ताडपत्री गुंडाळून दोरीने बांधलेली. स्पष्ट दिसतेय. त्याच भिंतीखाली बसून मी दोन वेळा जेवते. खरं बोलावं तर पप्पांची मान खाली जाणार, गप्प बसावं तर तुझं तोंड समोर येतं. चार महिने हेच चाललंय.

परवा साहेबांनी माझाच खुलासा पुढे करून नवा नियम काढला. तुमच्या गावातल्या एकाही होडीला आता काम मिळणार नाही. कौसाबाईंच्या होडीलाही नाही, आणि तिच्यावर तर कधी ताडपत्रीच नव्हती.

आज फोटो भिंतीवरून उतरवला. पप्पांनी विचारलं, काच पुसतेस का? मग सगळंच सांगितलं. त्यांनी फोटोतली बांधलेली ताडपत्री नीट बघितली. मग जुना पेपर घेऊन त्यांनीच फ्रेम बांधून दिली. सोमवारी ती साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. तुला पुन्हा बोलावतील, साडी पांढरीच होती का, विचारतील. ह्या खेपेला मला वाचवू नकोस.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
अस्मिता