पाण्यात उभं राहिलेलं अंडं

१२ जून १९६१, सोम.
विषमज्वरातून उठलेली आमची नलू अगदी काडी झाली आहे. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते. डॉ. म्हणाले, "नुसत्या पेजेवर मूल उभं राहायचं नाही. रोज एक अंडं द्या." यांनी मान हलवली. मल्लेश्वरमला घरी येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत होते.

१३ जून
शिवाजीनगरच्या बाजारातून अंडी आणली. मागच्या पडवीत, वेगळ्या पातेल्यात उकडली. कानडी घरमालकीण अक्कांना वास गेलाच. म्हणाल्या, "मुलीसाठी ना? सरी, चालेल. स्वल्प, जरा दार लावून घ्या."
हे ऑफिसातून आले, पातेलं उचललं, सगळी अंडी उकिरड्यावर. नलूच्या देखत! का, तर "मला बरी वाटली नाहीत."

१५ जून
आज बोलले शेवटी. यांची धाकटी बहीण, कुसुम. सांगलीला कुणाकडे तरी अंडं खाल्लं, दुसऱ्या दिवशी गेली. "बाहेरून पांढरंशुभ्र होतं गं. मी शेजारीच बसलो होतो. पहिलं तिला मिळालं." तेव्हापासून अंड्याला शिवले नाहीत.
झोपेत कुसुम, कुसुम करतात. मी आजवर मुकाट ऐकत आले. बहीण होती हेच मला ठाऊक नव्हतं, कुणी दुसरी बाई असेल म्हणून काय काय मनात आणलं होतं मी!

१७ जून
डॉ.ना सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, अंडं गार पाण्यात सोडायचं. आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकायचं. "आणि ताजं असलं तरी कच्चं नको. आतलं पिवळं घट्ट होऊ द्या, सोलल्यावर वास घ्या."

१८ जून, रवि.
पुन्हा अंडी आणली. हे स्वतः बादली घेऊन बसले. पहिलंच उभं राहिलं. तळाशी टेकून हळूहळू डोलत होतं. हे बघतच राहिले. "कुसुमचं असंच असेल?" बाकीची पाण्यात सोडलीच नाहीत, सगळी टाकून दिली. नलू पुन्हा पेजेवर.

२१ जून
नवी आणली. आज आडवं पडलं. उकडलं, सोललं. वास यांनी घेतला, मी घेतला, परत यांनी. मीठ लावून नलूपुढे ठेवलं.
तिनं बशी सरकवली. "नको. मी कुसुमआत्यासारखी जाईन."
कुणी सांगितलं हिला? आम्ही तर किती हळू...
यांनी अर्धं तोडलं आणि तोंडात घातलं. "बघ, छान आहे."
नलू त्यांच्या तोंडाकडे टक लावून. मग म्हणाली, "उद्या बाबा असले तर खाईन."
हे तिच्याजवळ बसून आहेत. ऑफिसची वेळ टळून गेली.