खेमराजमामाचं रक्त

कारधा

प्रिय ज्योत्सना,

माझा निकेश दवाखान्यातून घरी आला आहे, हे आधी वाच, मग बाकीचं. आत्ता ओट्यावर बसून चिवडा मागतो आहे आणि मी सारखी त्याचं तोंड उघडून पाहते.

फोनवर तुला एवढंच कळलं, की दुधाचा दात पडला आणि थोडं रक्त आलं. थोडं नव्हतं गं. कापूस दाबला, हळद दाबली. थांबल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा ओघळायचं. दुसऱ्या दिवशी पोर पांढरंफटक, न्हाणीपर्यंत गेलं तरी धापा टाकायचं. तुझे भाऊजी जाळी तशीच नदीकाठी टाकून आले आणि त्याला उचलून पुलापलीकडे भंडाऱ्याला नेलं. हिमोग्लोबिन पाच! डॉक्टर म्हणाले, श्वासातला प्राणवायू अंगभर तेच पोहोचवतं, ते कमी झालं म्हणून ही धाप. रक्त चढवलं, तरी हिरडी वाहतच होती.

मग नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जखम झाली की रक्तातल्या बारीक चकत्या आधी भोक बुजवतात, मग त्यावर धाग्यांचं जाळं धरतं. ते धरायला लागणारा एक घटक निकेशच्या रक्तात जवळजवळ नाहीच. हिमोफिलिया म्हणतात. तो घटक सुईतून दिला, तेव्हा कुठे रक्त थांबलं.

आई शेजारी ऐकत होती. एकाएकी म्हणाली, "माहा भाऊ खेमराज असाच गेला वं. लहान होता. पायात काटा रुतला, रक्त थांबलंच नाही. लोक म्हनत, बाहेरचं लागलं." डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला आणखी मुली आहेत का?"

म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला हे बोलताच आलं नसतं. हा आजार आईकडून येतो; तिला बहुधा काही होत नाही, मुलाला होतो. माझ्यात आहे. तुझ्यात असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. तुला सातवा लागला आहे. रक्त तपासायला चल, मी सोबत येते. बाळंतपण तिकडे तुमच्या कोंढ्याला नको, नागपूरलाच करू. मामाचं आणि निकेशचं आधी सांगितलं, तर अडलं तरी बाळाचं डोकं चिमट्याने ओढणार नाहीत, जन्मल्यावर त्याला सुई टोचण्याआधी नाळेचं रक्त तपासतील. सासूबाई म्हणतील, माहेरच्या रक्तातच खोट. म्हणू दे. आई मला विनवते, "तिले सांगू नको, जीव धास्तावन तिचा." मी सांगते आहे. धास्ताव, पण ये.

तुझी वाट पाहणारी,
रंजूताई