एकीपुरते मोजे

मंगळवार, संध्याकाळ. वरवट बकाल.

लोणारहून सातपुड्यापर्यंत पायी जायचं, हे रेखाचं आणि माझं कॉलेजपासूनचं ठरलेलं. आज इथे मुक्काम, कारण माझ्या टाचा सोलल्या आहेत. रेखा बाजारातून फुटाणे, गूळ, मोजे घेऊन आली. सगळं एकीपुरतं.

"अन् माह्ये मोजे?" मी विचारलं.

"तुले काऊन पाहिजे? तू इथंच थांब. मी डोंगर करून येते, मंग संगं घरी जाऊ."

मी म्हटलं, थोडं थांब, जखमा सुकतील. ती हसली. "तू चालशील असं मले कधी वाटलंच नाही. घरचे एकटीले सोडत नव्हते, म्हणून तुले आणलं. आईचा फोन आला तर सांग, दोघी संगंच आहो."

एकीपुरते मोजे. बाजारात ठरवलं असेल, की लोणारलाच?

ती अंघोळीला गेली आणि तिच्या आईचा, काकूंचा फोन आला. मी सगळं सांगून टाकलं. न रडता, शांतपणे. सकाळी रेखाचा भाऊ तिला न्यायला येतोय. "तिले सांगू नको, पळून जाईल," काकू म्हणाल्या.

अंघोळीहून आल्यावर ती समोर बसून पिशवी भरत होती. "रागावली काय वं?"

"नाही," म्हटलं, आणि पिशवीचं तोंड बांधायला हात लावला.